मुंजीनंतरची पाने

४ मे २०२५, त्र्यंबकेश्वर

भावाच्या मुलाची मुंज परवा पार पडली. पाहुणे पांगले, मांडव उतरला, पण घरात एक विषय मागे राहिला आहे: बटूचं डोकं. घेरा ठेवून बाकीचे केस उतरवले तेव्हा मागची उजवी बाजू सपाट असल्याचं सगळ्यांच्या नजरेत भरलं. भिक्षावळीला आलेल्या बायकांनी एकमेकींना खुणावलं. एकीने तर मुलादेखतच वहिनीला विचारलं, "अगं, लहानपणी मोहरीची उशी नव्हती का केलीस?" वहिनीचा चेहरा उतरला तो अजून उतरलेलाच आहे.

तेव्हापासून उपायांची रीघ लागली आहे. कुणी म्हणतं, रोज रात्री कोमट तिळाचं तेल लावून सपाट भाग चोळा. कुणी म्हणतं, पुण्यात डोक्याला आकार देणारं हेल्मेट बनवून देतात. एका नातलगाने होमिओपॅथीच्या गोळ्या सुचवल्या, दुसऱ्याने नाशिकमध्ये नुसत्या बोटांच्या स्पर्शाने कवटी "मोकळी" करणाऱ्या कुणाचा नंबर दिला. एकाने शांती करून घ्यायला सांगितलं. आमचं गावच शांतींचं, तेव्हा तो सल्ला येणारच होता.

मुलगा आठ वर्षांचा आहे. मोठी माणसं बोलतात ते त्याला सगळं कळतं. कालपासून तो घरातही टोपी घालून बसतो. मला त्याच्या कवटीपेक्षा या टोपीची जास्त काळजी वाटते. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, हाताशी वेळ आहे. प्रत्येक उपायाची नीट चौकशी करायची आणि जे कळेल ते इथे लिहून ठेवायचं असं ठरवलं आहे. वहिनीलाही सांगितलं, माझी चौकशी होईपर्यंत कुणाला पैसे द्यायचे नाहीत आणि पोराच्या डोक्याला कुणाचा हात लावू द्यायचा नाही.

६ मे

सकाळी कुशावर्तावर गेले होते. तीर्थश्राद्धासाठी येणाऱ्यांचं क्षौर जिथे चालतं तिथे आमच्या घरचे नाभिक दादा बसतात. बटूचे केसही त्यांनीच उतरवले. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांच्यापाशी विषय काढला.

"बाई, गोल डोकं कुणाचंच नसतं," ते म्हणाले. बोलता बोलता एक यजमान येऊन बसले. दादांनी तांब्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर थापलं, मग डाव्या हाताचा अंगठा कानामागून वर नेला, मधला उंचवटा ओलांडून दुसऱ्या कानामागे उतरवला, आणि मगच वस्तरा लावला. वस्तऱ्याआधी अंगठा फिरवून घ्यायचा, कारण दोन्ही बाजूंना सारखा हात चालत नाही. कुठे खळगा असतो, कुठे कंगोरा, कुठे एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे. वस्तऱ्याची कड त्या बेताने वळवली नाही तर कापतं. यजमान उठून स्नानाला गेल्यावर दादा म्हणाले, "यांचं डोकं मागून पार बसकं होतं. तुम्हाला दिसलं का?" मला दिसलं नव्हतं.

सबंध हिंदुस्थानातून माणसं इथे केस उतरवायला येतात. त्यात शेतकरी, न्यायाधीश, सैन्यातले अधिकारी सगळे असतात. दादांच्या हाताखालून गेलेल्या डोक्यांत मागून सपाट असलेली पुष्कळ होती आणि ती सगळी माणसं आपापल्या संसारात ठीक होती. एवढी डोकी हाताखालून गेलेल्या माणसाचं हे सांगणं मला मोलाचं वाटतं.

९ मे

वहिनीचं माहेर गावातलंच. त्यामुळे बाळंतपणात आई-बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी अजून भेटतात. आज त्यांच्याकडे गेले.

मावशींना सगळं आठवत होतं. "तो कायम उजवीकडंच बघायचा. डावीकडं मान वळवली की किरकिर करायचा. मी आईला सांगितलं होतं, पाळण्याचं तोंड बदला, खिडकी दुसऱ्या बाजूला येऊ दे." पण घर लहान, पाळण्याची कडी एकाच जागी. बाळ पडल्या पडल्या उजेडाकडे पाहत राही आणि उजेड नेहमी उजवीकडेच असे.

मग मावशींनी बाळाला कसं न्हाऊ घालायचं ते जमिनीवर बसून दाखवलं. पाटावर बसायचं, पाय लांब करून जुळवायचे, बाळाला नडग्यांवर आधी उताणं घ्यायचं. टाळूवर तेल जिरवायचं, छाती, हात, पाय चोळायचे. मग बाळाला पालथं करायचं, हनुवटी घोट्यांच्या वर येईल असं. पाठ चोळताना बाळ डोकं उचलतं, मान ताठ करतं, इकडे तिकडे पाहतं. आंघोळही तशीच पालथं ठेवून. डॉक्टर आज आयांना सांगतात की जागं असताना बाळाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवा, त्याने मानेत आणि खांद्यांत बळ येतं आणि डोक्याच्या मागच्या भागावरचा भार कमी होतो. आपल्याकडे ते रोजच्या न्हाण्यात होतंच. जिथे न्हाऊ घालणाऱ्या मावशी येईनाशा झाल्या, तिथे ही पालथी वेळ वेगळी आठवणीने काढावी लागते.

तळव्यांनी दाबून डोकं गोल करणं आणि चिमटीत धरून नाक वर ओढणं हे मात्र मावशींनी कधीच सोडून दिलं आहे. नाका-कानात तेलही त्या घालत नाहीत. मोहरीच्या उशीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "दाणे सरकतात, डोक्याला एका जागी टोचत नाही, म्हणून ठेवायची रीत. पण बाळ एकाच कुशीवर पडून राहिलं तर उशी काय करणार?" आता बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी देऊ नका म्हणतात, कारण मऊ वस्तूत नाक दबून श्वास कोंडायची भीती असते. आणि आठ वर्षांचं मूल तर रात्रभर कूस बदलत असतं. त्याच्या डोक्याखाली मोहरी असली काय आणि कापूस असला काय, हाडाला फरक पडत नाही.

निघताना मावशींना सरळच विचारलं, आता मालिश करून काही होईल का? "आठ वर्षांच्या पोराचं डोकं काय मळायचं, बाई? चंपी करा, झोप चांगली लागेल."

१४ मे

नाशिकला बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. अवकाळी पाऊस आणि सिंहस्थाची कामं यांमुळे रस्त्यात वेळ गेला, पण जाणं सार्थकी लागलं.

डॉक्टरांनी आधी मुलाशी गप्पा मारल्या, शाळा, खेळ, मुंजीत मिळालेले पैसे. मग त्याला खुर्चीवर बसवून त्याच्या मागे उभं राहून वरून खाली डोकं पाहिलं. वरून पाहिल्यावर कवटी किंचित तिरक्या चौकोनासारखी दिसते: मागची उजवी बाजू सपाट, उजवा कान जरा पुढे, उजवं कपाळही जरासं पुढे. हीच खूण महत्त्वाची. बाळपणी एका बाजूवर पडून राहिल्याने डोकं सपाट होतं तेव्हा कान पुढे सरकतो. याला प्लेजिओसेफली म्हणतात. कवटीची शिवण वेळेआधी बुजल्याने आकार बिघडला असेल तर चित्र वेगळं असतं: शिवणीवर बोटाला कंगोरा लागतो, डोकं लांबट, अरुंद किंवा एखाद्या ठिकाणी उंच होतं, मागची शिवण बुजली असेल तर त्या बाजूचा कान मागे आणि खाली ओढल्यासारखा दिसतो. हा क्रॅनिओसिनॉस्टोसिस. दर २,००० ते २,५०० जन्मांमागे एखाद्या बाळाला तो असतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागते, तीही शक्यतो पहिल्या वर्षात.

नंतर त्यांनी मान दोन्हीकडे पूर्ण वळते का ते पाहिलं, डोळ्यांची हालचाल पाहिली, पाठीचा कणा पाहिला, एका पायावर उभं राहायला सांगितलं, वाचून घेतलं. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, उलट्या होतात का, दिसायला त्रास होतो का, हेही विचारलं. मोठ्या मुलाची मान एका बाजूला कललेली असेल तर त्यामागे मानेचा आखडलेला स्नायू असतो किंवा कधी डोळ्याचा दोष असतो. मूल दोन प्रतिमा टाळण्यासाठी मान कलती ठेवतं. तिथे इलाज आहे आणि तो करायलाच हवा. आमच्या मुलात यातलं काहीच नव्हतं. सीटी स्कॅन करायचा का, असं भावाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, गरज नसताना मुलाच्या डोक्याला एवढा क्ष-किरणांचा मारा कशाला?

मग त्यांनी टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजला आणि एका कागदावर आकडे मांडले. जन्मतः घेर सुमारे ३५ सेंटीमीटर. पहिले तीन महिने दर महिन्याला २ सेंटीमीटर वाढ, पुढचे तीन महिने १ सेंटीमीटर, त्यानंतर वर्षापर्यंत अर्धा. पहिल्या वाढदिवसाला घेर ४६-४७. दुसऱ्या सबंध वर्षात मिळून २ सेंटीमीटर. त्यानंतर थेट मोठेपणापर्यंत साताठ सेंटीमीटर, तेही अनेक वर्षांत विभागून. डोक्याला आकार देतो तो आतून वाढणारा मेंदू. तो वेगाने वाढत असतो तेव्हा बाहेरचा दाब काढला की सपाट भाग भरून येतो. वाढ मंदावली की ती संधीही जाते.

हा कागद वहिनीने पुन्हा पुन्हा पाहिला. सगळ्या उपायांचा निकाल त्या एका कागदात होता.

१९ मे

पुण्याहून फोन. हेल्मेटचा आग्रह सुरूच आहे. म्हणून आज त्याबद्दल वाचून काढलं.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि १९९४ पासून तिथे बाळाला पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम निघाली. पालथं झोपलेल्या तान्ह्या बाळांचे झोपेत अचानक मृत्यू होत. मोहिमेनंतर ते निम्म्याहून कमी झाले. हजारो मुलं वाचली. त्याच सुमारास मागून सपाट झालेली डोकी जास्त दिसू लागली. न्यूझीलंडमध्ये बाळांच्या एका गटाची वेळोवेळी तपासणी झाली. चार महिन्यांच्या वयात जवळजवळ २० टक्के बाळांचं डोकं सपाट आढळलं, तेच दोन वर्षांच्या वयात ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांचं आपोआप भरून येतं, थोड्यांचं राहून जातं. आमचा मुलगा त्या थोड्यांतला.

हेल्मेट ही पाच-सहा महिन्यांच्या बाळांसाठीची गोष्ट आहे. दिवसाचे २३ तास ते घालून ठेवायचं. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. निम्म्यांना सहा महिने हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयात पाहिलं तर पूर्ण सुधारणा झालेली मुलं पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के. फरक नगण्य. उलट हेल्मेट घातलेल्या मुलांच्या पालकांनी घाम, वास, कातडी लाल होणं अशा तक्रारी सांगितल्या. अमेरिकेतल्या मेंदू-शल्यविशारदांच्या संघटनेने मात्र २०१६ मध्ये, डोकं बरंच वाकडं असेल तर हेल्मेट उपयोगी पडतं अशी बाजू घेतली. तज्ज्ञांमध्ये हा वाद चालू आहे, पण तो वर्षाच्या आतल्या बाळांपुरता. दीड वर्षानंतर हेल्मेटने काही साधत नाही याबद्दल वाद नाही. आठ वर्षांच्या मुलाला हेल्मेट विकणारा माणूस आईबापांच्या काळजीचा धंदा करतो आहे. पुण्याला फोन करून हे स्पष्ट सांगितलं.

डोकं सपाट म्हणजे बुद्धी कमी का, ही वहिनीची खरी धास्ती. सिएटलच्या संशोधकांनी अशी मुलं शाळकरी वयापर्यंत पाहिली. ज्यांचं सपाटपण थोडं होतं ती इतरांच्या बरोबरीची निघाली. ज्यांचं मध्यम किंवा जास्त होतं त्यांचे गुण सरासरीने थोडे कमी भरले. पण सपाट हाडामुळे मेंदू मागे पडला, असं त्यातून सिद्ध होत नाही. ज्या बाळाची हालचालच कमी असते ते एका जागी पडून राहतं आणि त्याचं डोकं सपाट होतं. तिथे सपाटपणा ही फक्त खूण असते. अशा मुलाच्या चालण्या-बोलण्याकडे, शिकण्याकडे लक्ष द्यायचं आणि मदत तिथे करायची. कवटी चोळून ते होत नाही.

२४ मे

नाशिकच्या स्पर्शोपचारवाल्यांनी स्वतःहून फोन केला. क्रॅनिओसॅक्रल थेरपी, एका बैठकीने भागत नाही, बऱ्याच लागतील म्हणाले. बोलणं गोड होतं. "मुलाची कवटी अडकली आहे, आम्ही ती मोकळी करू." फोन ठेवून मी त्या पद्धतीचं मूळ शोधलं.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या किर्क्सविल इथे ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा होती. तिथे विल्यम सदरलँड नावाचा विद्यार्थी शिकत असताना, १८९९ च्या सुमारास, सुटी केलेली कवटी पाहून त्याला वाटलं की कानाजवळच्या हाडांच्या तिरक्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या आहेत, म्हणजे ती हलत असणार. त्या कल्पनेवर पुढे सगळी पद्धत उभी राहिली. १९७० च्या दशकात जॉन अपलेजर यांनी तिला आजचं नाव आणि रूप दिलं. कवटीत आणि पाठीच्या कण्यात एक मंद लय असते आणि ती बोटांना कळते, असा त्यांचा दावा. पण एकाच माणसाची लय दोन उपचारकांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जी गोष्ट दोघांच्या बोटांना सारखी लागत नाही, तिच्यावर उपचार कसा करणार?

आणि हाडं? बाळाच्या कवटीतल्या शिवणी मोकळ्या असतात, म्हणून जन्माच्या वेळी हाडं एकमेकांवर सरकू शकतात. वय वाढतं तसे हाडांच्या कडांना करवतीसारखे दाते येतात आणि ते एकमेकांत घट्ट बसतात. शिवण पुरती भरून यायला तारुण्य उजाडतं, पण आठव्या वर्षीही ती इतकी पक्की असते की बोटांच्या हलक्या दाबाने केसभर सरकायची नाही. जोराने दाबलं, मानेला झटका दिला तर इजा मात्र होऊ शकते. मुलाची मान कडाकडा मोडून देणाऱ्या कुणाच्याही हाती त्याला द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलं. होमिओपॅथीच्या गोळीने हाड हलतं, असं तर त्या गोळीचे पुरस्कर्तेही कुठल्या चाचणीने दाखवू शकलेले नाहीत.

शांतीचा विषय भावाने स्वतः संपवला. तो पौरोहित्य करतो. नातलगांना म्हणाला, "पूजा मनाच्या समाधानासाठी असते. पोराच्या हाडासाठी मी संकल्प सोडायचा नाही." त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

१ जून

मे महिन्यातच पाऊस बसला. ब्रह्मगिरी ढगांत आहे. घरात बसून जुन्या लोकांनी डोकी कशी घडवली त्याबद्दल वाचत होते.

पेरू देशातल्या पाराकास इथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत लांब घडवलेल्या कवट्या मिळाल्या. पाचव्या शतकात वायव्य हिंदुस्थानावर चाल करून आलेल्या अल्खान हूणांचे राजे आपल्या नाण्यांवर तसेच दिसतात. खिंगिल राजाच्या नाण्यावर त्याचं उंच निमुळतं डोकं स्पष्ट कोरलेलं आहे. फ्रान्समधल्या तुलूझ भागात शेतकरी बाळांच्या डोक्याला पट्टी आवळून बांधत, ही चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. या लोकांना डोकं हवं तसं घडवण्याचं कसब होतं. पण सगळीकडे बांधणी सुरू व्हायची ती जन्मानंतर लगेच, आणि काम उरकायचं ते पहिल्या काही वर्षांत. घट्ट पट्ट्या, फळ्या, महिनोन् महिने दाब, एवढं सगळं हाताशी असून आठ वर्षांच्या मुलाचं डोकं त्यांनी घडवायला घेतलं नाही. ज्या वयात फळ्या हरल्या असत्या तिथे तेलाची बोटं काय करणार? वहिनीला हे वाचून दाखवलं. तिला ते पटलं. आकडेवारीपेक्षाही यानेच जास्त पटलं.

१८ जून

शाळा सुरू झाली. निवृत्तिनाथांची पालखी पंढरीच्या वाटेवर आहे. माझी शाळा तालुक्यातल्या एका पाड्यावर, बहुतेक मुलं महादेव कोळी आणि ठाकर घरांतली. आया बाळाला पाठीशी बांधून शेतावर जातात. त्या वेळात तरी बाळाच्या डोक्याला मागून काही टेकत नाही, आणि ते भोवतालचं सगळं पाहत असतं.

दाखल्याला आलेल्या एका मुलीकडे आज लक्ष गेलं. कपाळ पुढे आलेलं, डोकं चौकोनी, मनगटं जाड, पाय गुडघ्यांतून बाहेर वाकलेले. आजी म्हणाली, "तिचं डोकंच तसं हाय." पण हे नुसतं डोकं नव्हतं, मुडदूस होता. तो ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडल्याने होतो आणि त्याला औषध आहे. वेळेत दिलं तर हाडं भरतात, वाढत्या वयात पायही सरळ होत जातात. मोठ्या मुलाच्या डोक्याच्या आकारावरून खरोखर धावपळ करावी असं काही असेल तर ते हे.

अशा मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. जन्मजात दोष, आजार, पोषणातली उणीव आणि वाढीतला विलंब या चार गोष्टींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. पुढचा उपचार मोफत. मुडदूस त्यांच्या यादीत आहे. पथकाची वाट न पाहता मुलीला ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं ठरवलं, आजीसोबत मी जाणार आहे. आजीला नागलीबद्दलही सांगितलं. १०० ग्रॅम नागलीत ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ती इथेच पिकते आणि हल्ली इथल्याच मुलांच्या ताटातून कमी होत चालली आहे.

१२ जुलै

भाच्याने आज मला विचारलं, "आत्या, माझं डोकं खराब आहे का?" शेजारी बसवून मी त्याला खरं ते सांगितलं. तू लहान असताना तुला खिडकी आवडायची. तू एकाच बाजूला पडून तिच्याकडे बघायचास, म्हणून तिथलं मऊ हाड सपाट झालं. आता हाड पक्कं झालं आहे, ते असंच राहील. आतल्या मेंदूला काही झालेलं नाही. कुणी चिडवलं तर हेच सांग. त्याने हात मागे नेऊन सपाट भाग चाचपला आणि विचारलं, "सचिनला पण असेल का?" मी म्हटलं, कुणालाही असू शकतं, हेल्मेटखाली दिसत नाही. तो बॅट घेऊन पळाला.

मुलाला खोटी आशा दाखवण्यापेक्षा खरं कारण सांगणं बरं. उपाय चालू आहेत म्हटलं की मूल रोज आरशात पाहतं आणि रोज निराश होतं. वर्गात कुणी नाव ठेवलं असेल तर ते शिक्षकांनी थांबवायचं. मी माझ्या वर्गात थांबवते, त्याच्या वर्गशिक्षकांशीही बोलले. केस वाढत आहेत, न्हाव्याला मागे जरा लांब ठेवायला सांगितलं की पुरतं. फारच मोठा बेढबपणा असेल तर काही शल्यविशारद कवटीवर हाडाचं सिमेंट किंवा मापाने बनवलेला तुकडा बसवून आकार भरून काढतात. पण ती भूल देऊन करायची मोठी शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाचा धोका असलेली. नुसत्या दिसण्यासाठी ती वाढत्या वयाच्या मुलावर लादू नये. मोठा होऊन त्याने स्वतः ठरवलं तर गोष्ट वेगळी.

मुडदूस झालेल्या मुलीचे उपचार सुरू झाले आहेत.

११ ऑगस्ट

श्रावणातला तिसरा सोमवार. ब्रह्मगिरीच्या फेरीला आलेल्यांनी गाव भरून गेलं आहे. बाहेरगावच्या दोन नात्यातल्या बायका दर्शनाला आल्या होत्या. दोघींच्या कडेवर तान्ही बाळं. त्यांना जे सांगितलं तेच वाचणाऱ्यांसाठी इथे उतरवते.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याला झोपवताना पाठीवरच झोपवा, उशीशिवाय. जागं असताना दिवसातून अनेकदा पोटावर ठेवा, समोर बसा. पाळण्यात डोक्याची दिशा दर दिवसाआड बदला, खेळणं आणि उजेड दोन्ही बाजूंनी येऊ द्या. जास्तीत जास्त वेळ कडेवर घ्या. बाळ एकाच बाजूला पाहत असेल, मान दुसरीकडे वळत नसेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. मानेचे व्यायाम वर्षाच्या आत सुरू केले तर बहुतेक मुलांची मान शस्त्रक्रियेशिवाय सुटते. टाळू फार लवकर बुजली, कवटीवर कंगोरा लागला, तर एक दिवसही घालवू नका.

मूल मोठं असेल तर एकदा, एकदाच, चांगल्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. मान, डोळे, हाडं, वाढ, सगळं. काही निघालं तर त्याचा उपचार करा. काही निघालं नाही तर तेल, उशी, गोळ्या, हेल्मेट, स्पर्श, यांतल्या कशावरही पैसे आणि मुलाचे दिवस घालवू नका. दोन वर्षांनंतर बाहेरून काहीही करून कवटीचा आकार बदलत नाही. आणि मुलादेखत त्याच्या डोक्याची चर्चा करू नका.